मदत हवी आहे: ऑगस्टमधली लढाई, पण पार्टिझन थंडीच्या कपड्यांत

नमस्कार मंडळी,

सोव्हिएत पार्टिझनांचे (जर्मनांच्या पिछाडीला लढणारे गनिमी) २८ मिमीचे छोटे पुतळे रंगवायला घेतलेत. रायफलवाले झाले, शस्त्रपथकांपाशी गाडी अडलीय. मॅक्सिम मशीनगनवर तिघे, पीटीआरडी रणगाडाविरोधी रायफलवर दोघे आणि ५० मिमीच्या उखळी तोफेवर दोघे, अशी सात माणसं आहेत.

आम्ही चौघं मित्र 'बोल्ट ॲक्शन' हा टेबलावर पुतळे मांडून खेळायचा युद्धखेळ खेळतो. प्रसंग ठरलाय ३ ऑगस्ट १९४३ च्या रात्रीचा, बेलारूसमधला. कुर्स्कची लढाई पेटलेली असताना जर्मनांच्या पिछाडीचे रूळ उडवायची मोठी मोहीम पार्टिझनांनी त्या रात्री सुरू केली. रूळ, त्याखालचा भराव, बर्चची झाडं सगळं तयार आहे.

आणि ही सातही माणसं भर हिवाळ्यातली! कापूस भरलेली जाकिटं, कान झाकणाऱ्या टोप्या, पायात फेल्टचे (दाबलेल्या लोकरीचे) बूट. रायफलवाले साध्या सदऱ्यात आणि चपट्या टोप्यांत. शेजारी ठेवले की एकाच तुकडीतले वाटतच नाहीत.

तारीख पुढे ढकलायचाही विचार केला. मोहिमेचा दुसरा टप्पा १९ सप्टेंबरला सुरू झाला, तो ऑक्टोबरपर्यंत नेता येईल. पण फेल्टचे बूट कोरड्या बर्फातले, चिखलात ते भिजून लगदा होतील. म्हणजे बुटांचा प्रश्न तिथेही सुटत नाही. डोकी बदलू का? प्लास्टिकची जादा डोकी आहेत, त्यातल्या टोप्यांवर तिरकी लाल फीत रंगवता येईल.

दुसरी अडचण पीटीआरडीची. खरी रायफल जवळपास दोन मीटर लांब, म्हणजे या मापात (साधारण १:५६) ३६ मिमी. पाकिटातून नळी विळ्यासारखी वाकून आली. दोनदा बोटांनी सरळ केली, आता पुढच्या टोकापासून सेंटीमीटरभर आत पांढरट सुरकुती दिसतेय. तिसऱ्यांदा हात लावायची भीती वाटते. इंजेक्शनची सुई चालेल का? आमच्या खेळात हीच रायफल इंजिनाचा बॉयलर फोडणार आहे, सगळ्यांची नजर तिच्यावरच असेल. जर्मनांनी १९४३ मध्ये रणगाड्यांच्या बाजूंना जादा पत्रे लावले ते अशाच रायफलींच्या धास्तीने. ती वाकडी राहिली तर मला चैन पडणार नाही.

मॅक्सिमची ढाल वेगळी आली आहे. गाडा-ढालीसकट ती गन साठ किलोंच्या वर जाते. जंगलातून ओढत नेणारे लोक ढाल ठेवतील असं वाटत नाही. तुमचं मत?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
डोकी बदला, जाकिटं राहू द्या. जंगलात राहणाऱ्याचं अंथरूण-पांघरूण तेच असतं, ऑगस्टमध्येही अंगावर दिसलं तर खटकणार नाही. एक-दोघांची गळ्याशी कोरून उघडी करा, आत सदऱ्याचा रंग द्या. बुटांना घोट्यापाशी सुरीने दोन-तीन चुण्या पाडा आणि काळा रंग देऊन वर थोडं चकाकतं वार्निश लावा, चामड्याचे दिसतील.

नळी आता सरळ करू नका, तुटेल. सुईही नको, कापताना तडकून डोळ्यात उडते. पुढचा चौकोनी तुकडा जपून कापून ठेवा, मागच्या बुंध्यात हाताच्या ड्रिलने भोक पाडून ०.८ मिमीची पितळी तार बसवा, मग पुढे तो तुकडा चिकटवा. फेविक्विक थेंबभरच. ढाल काढा.

धागाकर्ता
मनापासून आभार दादा! तार उद्याच आणतो. मधली उघडी तार किती मिमी ठेवू? बुंधा आणि पुढचा तुकडा मिळून १५ मिमी भरतात, म्हणजे २१ बरोबर ना? आणि सध्या पाऊस आहे, दमट हवेत स्प्रे प्रायमर खरखरीत बसतो, म्हणून ब्रशनेच लावतोय. पितळेवर तो धरेल का?

प्रतिसाद १
२१ बरोबर. तार आधी बारीक पॉलिश पेपरने घासा, मग धरेल.