रक्तातील पॉर्फिरिन: नमुना कसा पाठवावा, कोणती चाचणी मागावी?

प्रश्न
नमस्कार. मी सोलापुरातील एका लहान प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. उन्हात पाच-दहा मिनिटे खेळले की हातांची व चेहऱ्याची असह्य आग होते, पण फोड येत नाहीत, अशा नऊ वर्षांच्या मुलाच्या रक्तातील पॉर्फिरिन (हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधील लोहयुक्त भाग, तयार होतानाची मधली द्रव्ये) तपासायला त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले आहे. लघवीची तपासणी सामान्य आली आहे. रक्ताच्या जुन्या अहवालात ‘एकूण प्रोटोपॉर्फिरिन वाढलेले’ (प्रोटोपॉर्फिरिन हे पॉर्फिरिनांपैकीच एक) एवढाच शेरा आहे, आणि हिमोग्लोबिन ९.८ आहे. नमुना पुण्याला पाठवायचा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १
ताई, लघवी सामान्य आली म्हणून एरिथ्रोपोएटिक प्रोटोपॉर्फिरियाची (प्रोटोपॉर्फिरिन साचून उन्हाने त्वचेची आग होणारा आनुवंशिक आजार) शंका सोडू नका. प्रोटोपॉर्फिरिन पाण्यात विरघळत नाही, ते पित्तावाटे बाहेर पडते, त्यामुळे लघवीत ते सापडणारच नाही.

खरी अडचण ‘एकूण’ या शब्दात आहे. फेरोचिलेटेज हे विकर (एन्झाइम) प्रोटोपॉर्फिरिनमध्ये लोह बसवून हीम तयार करते; लोह कमी पडले तर तेच विकर लोहाच्या जागी जस्त बसवते, आणि शिसे शरीरात गेले तरी जस्तयुक्त प्रोटोपॉर्फिरिनच वाढते. एरिथ्रोपोएटिक प्रोटोपॉर्फिरियात मात्र बहुधा हे विकरच दुबळे असते, म्हणून तेथे धातुविरहित प्रोटोपॉर्फिरिन साचते आणि एकूणाच्या ८५ टक्क्यांहून अधिक भरते. या मुलाला रक्तक्षयही असल्याने केवळ एकूण आकड्यावरून काहीच ठरवता येणार नाही. आम्लाने अर्क काढण्याच्या जुन्या पद्धतीत जस्त निघून जाते व दोन्ही प्रकार एकच दिसतात. म्हणून इथेनॉल किंवा ॲसिटोनने अर्क काढून, अथवा एचपीएलसीने (द्रवातील घटक वेगळे करून मोजणारे तंत्र), दोन्ही वेगवेगळे मोजून मागा. थेंबभर रक्तावर चालणारे हिमॅटोफ्लुओरोमीटर जस्तयुक्त प्रकारासाठी बनवलेले असते, त्यामुळे त्याचा ‘सामान्य’ निकाल येथे फसवा ठरू शकतो.

उत्तर २
वरील उत्तराशी सहमत आहे. नमुन्याविषयी थोडे लिहितो. रक्त ईडीटीएच्या (रक्त साकळू न देणारे रसायन) जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्या आणि नळी लगेच ॲल्युमिनिअमच्या फॉइलमध्ये गुंडाळा, कारण उजेडाने पॉर्फिरिन नष्ट होते आणि खिडकीजवळचे टेबलही त्यासाठी पुरेसे घातक असते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बर्फाच्या पिशव्यांसह थंड डबा हवाच. पण नळी गोठू देऊ नका, तांबड्या पेशी फुटतात. प्लाझ्माची प्रतिदीप्ती तपासणीही (ठरावीक प्रकाश टाकल्यावर प्लाझ्मा कोणता प्रकाश परत देतो ते पाहणारी) सोबत मागा. ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने उत्तेजित केल्यावर एरिथ्रोपोएटिक प्रोटोपॉर्फिरियात शिखर ६३४ नॅनोमीटरच्या आसपास दिसते, तर व्हेरिगेट पॉर्फिरियात (पॉर्फिरियाचा दुसरा एक प्रकार) ते ६२६ च्या आसपास असते.

प्रश्नकर्ती
दोघांचे मनापासून आभार. मागणीपत्रावर ‘धातुविरहित व जस्तयुक्त प्रोटोपॉर्फिरिन स्वतंत्र’ असे स्पष्ट लिहिते. रक्तक्षयासाठी फेरिटिन (शरीरातील लोहसाठा दाखवणारी चाचणी) आणि मुलाच्या घरची पार्श्वभूमी पाहून रक्तातील शिसे, यांविषयीही डॉक्टरांना विचारते. रक्त सायंकाळी घेऊन रात्रीच्या गाडीने पाठवते, म्हणजे वाटेत ऊन लागणार नाही.