हुडिनीचं नाव टिकलं ते कशामुळे?

माळरान: कुलपं-बेड्यांतून सुटणारा म्हटलं की आजही हॅरी हुडिनीच आठवतो. तो १९२६ साली गेला. माझं मत, जादूगार म्हणून तो सामान्य होता. हातचलाखीत त्याच्याहून सरस लोक त्याच काळात होते. त्याला जाहिरात कळली होती. नव्या गावात आधी पोलीसचौकी गाठायची, तिथल्या बेड्यांतून सुटायचं, पेपरात बातमी, की थिएटर फुल्ल. १९०४ मध्ये लंडनच्या एका वर्तमानपत्राने खास बेडी आणून त्याला आव्हान दिलं. सुटायला तासाहून जास्त लागला. ते आव्हान संगनमताचं असावं, असा संशय पुष्कळांना आहे.

दगडफूल: साफ अमान्य. १९१२ पासून तो पाय खोड्यात अडकवून पाण्याने भरलेल्या पेटीत उलटा उतरायचा. न्यूयॉर्कच्या शेल्टन हॉटेलच्या तलावात बंद पेटीत ९१ मिनिटं राहिला, तेव्हा वय ५२. सगळी मदार सावकाश श्वास घेण्यावर आणि न घाबरण्यावर. जाहिरातीने फुप्फुसांत हवा भरत नाही हो!

माळरान: धाडस मान्य. धाडसी लोक तर शेकड्याने होते, त्यांची नावं कुठे आहेत?

सांजवात: तुम्ही दोघंही त्याचं सर्वांत मोठं काम विसरताय. पहिल्या महायुद्धात मुलं गमावलेल्या आईबापांना मृतात्म्यांशी बोलून देतो म्हणणारे भोंदू लुटत होते. हुडिनी वेष पालटून त्यांच्या बैठकींना जायचा आणि त्यांच्या युक्त्या रंगमंचावर उघड करायचा. आपल्याकडे अंनिसचे कार्यकर्ते चमत्कार करून दाखवतात आणि मग त्यामागची हातचलाखी समजावतात, तसंच. १९२२ मध्ये शेरलॉक होम्सचे लेखक कॉनन डॉयल यांच्या पत्नीने, मृतात्मा आपल्या हातून लिहितो म्हणत, त्याच्या दिवंगत आईचा 'संदेश' लिहून दिला. इंग्रजीत, वर क्रूसाची खूण! आई ज्यू धर्मगुरूची बायको, इंग्रजी बेताचंच. आईवर त्याचा इतका जीव, तिचे शब्द समोर ठेवलेले, तरी त्याने ते नाकारले. पुढे डॉयलशी मैत्रीही तुटली. हे मला पाण्याच्या पेटीहून अवघड वाटतं.

माळरान: आईचा प्रसंग वाचून मीही थबकलो. पण लोकांच्या लक्षात ते राहिलं का? अनेकांना अजून वाटतं तो त्या पेटीत बुडून मेला. खरं तर अपेंडिक्स फुटून डेट्रॉइटच्या रुग्णालयात गेला. म्हणजे टिकली ती दंतकथाच.

दगडफूल: पेटीतला मृत्यू १९५३ च्या सिनेमाने दाखवला. तेव्हा जाहिरात करायला हुडिनी कुठे होता?