जेट स्कीला पेट्रोल कुठलं घालायचं, साधं, ९५ की १००?

देवबाग_तीन_मशीन
नमस्कार मंडळी. देवबागला माझ्या तीन जेट स्की आहेत, दोन साध्या म्हणजे सुपरचार्जर नसलेल्या, त्या पर्यटकांसाठी फिरतात, आणि एक ३०० एचपीची सुपरचार्जरवाली, ती दिवाळीनंतर सेकंडहँड घेतली. तिच्या मॅन्युअलमध्ये ९१ ऑक्टेन लिहिलंय म्हणून मी निवांत साधं पेट्रोल टाकत आलो, आपल्याकडचं साधं ९१च असतं ना. आता पंपावरचा मुलगा म्हणतो प्रीमियम टाका, शेजारचा ऑपरेटर म्हणतो १०० टाक, उडेल, आणि मेकॅनिक म्हणतो काही फरक पडत नाही. पण मोठ्या मशीनचा थ्रॉटल पूर्ण दाबला की आतून बारीक खडखड येते, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी. तिन्हींना एकच पेट्रोल चालेल का? सीझन तोंडावर आहे, प्लीज सांगा.

नागाव_समुद्र
दादा, पहिलं काम, ते मोठं मशीन फुल थ्रॉटलला नेणं आजच थांबव. ती खडखड म्हणजे नॉकिंग, स्पार्कने लागलेली ज्योत पोचायची वाट न बघता उरलेलं पेट्रोल दाबाने आणि उष्णतेने आपोआपच पेटतंय, आणि सुपरचार्जर हवा कोंबत असतो त्यामुळे पिस्टन जायला वेळ लागत नाही.

आता ९१ चा घोळ. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल अशा नॉकिंगला किती दाद देत नाही त्याचं माप, आणि तुझ्या मॅन्युअलमधला तो आकडा अमेरिकन पद्धतीचा आहे. तिकडे रॉन आणि मॉन या दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, आपल्याकडे नुसता रॉन लिहितात, म्हणून त्यांचं ९१ म्हणजे आपलं साधारण ९५. आणि त्यांचं ८७, जे तुझ्या दोन साध्या मशीनना पुरतं, ते आपलं ९१. बऱ्याच मॅन्युअलमध्ये दोन्ही आकडे शेजारी असतात, नीट बघ. साध्या मशीनना १०० टाकून एक किलोमीटरही जास्त स्पीड मिळणार नाही, ते पैसे वाया.

पुणे_ते_काशीद
वरचं सगळं बरोबर, पण माझ्या मते ऑक्टेन हा आता आपला प्रश्नच राहिलेला नाही, खरा प्रश्न इथेनॉलचा आहे. पंपावर आता जवळपास सगळीकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे आणि त्याचा रॉन मानकानुसार किमान ९५ असतो, म्हणजे ताजं भरलं तर आकडा तुझ्या मोठ्या मशीनलाही पुरतो. पण यामाहा असो की सी-डू, जेट स्कीचं मॅन्युअल १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल म्हणतं. कारण समजून घे. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला पेट्रोल थोडं जास्त लागतं. गाडीच्या एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो, तो बघून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो. जेट स्कीच्या एक्झॉस्टमध्ये पाणी खेळतं, तिथे बहुतेक मशीनमध्ये असा सेन्सरच नाही, मग मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन जास्त तापतं.

मी घरी चाचणी केली. १०० मिलीची काचेची मापननळी, त्यात १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल, बूच लावून हलवायचं आणि दहा मिनिटं उभी ठेवायची. इथेनॉल पाण्याकडे जातं आणि खालचा थर वाढतो. साध्या पेट्रोलला माझा थर १० वरून २७ वर गेला, ९५ वाल्या प्रीमियमलाही तेवढाच, म्हणजे जास्त पैसे देऊन मला तेच मिळत होतं. १०० वाल्याला थर हललाच नाही. ते माझ्या पुण्यातल्या पंपावरचं होतं, दर जवळपास दीडपट. मोकळ्यावर कर, आसपास बिडी-काडी नको.

मालवण_जेटी
खरा आसा. माझा एक प्रश्न, पेट्रोल ठेवतोस कशात?

देवबाग_तीन_मशीन
निळ्या प्लास्टिकच्या बॅरलात, शेडमध्ये. पंप लांब पडतो म्हणून दोन-तीन आठवड्यांचं एकदम आणतो, वरून हँडपंपाने काढतो.

मालवण_जेटी
मग उत्तर तिथेच आहे भावा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपली हवा म्हणजे निम्मं पाणीच. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल त्याच्यासकट खाली बसतं, आणि वर जे पेट्रोल उरतं त्याचा ऑक्टेन पडलेला असतो कारण तो आकडा इथेनॉलनेच वर धरला होता. माझ्या जुन्या टू-स्ट्रोकचा कार्ब्युरेटर असाच गेला, उघडला तर आत पांढरी पूड आणि डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा, फुगून लिबलिबीत. नवीन मशीनला पेट्रोल फवारणारा इंजेक्टर जातो, तो महाग. बॅरलाच्या तळाचं काचेच्या बाटलीत काढून बघ.

देवबाग_तीन_मशीन
काढलं. वर पिवळसर पेट्रोल आणि खाली दोन बोटं गढूळ थर, मधली रेघ सरळ दिसते. बघून पोटात गोळा आला, याच पेट्रोलवर लोकांची पोरं बसवून खाडीत सोडत होतो मी.

नागाव_समुद्र
वेळेत कळलं हे बरं झालं. बॅरल बंद कर, तसंही परवान्याशिवाय ३० लिटरच्या वर पेट्रोल साठवता येत नाही आणि प्लास्टिकात तर नकोच. घट्ट झाकणाचा २० लिटरचा धातूचा कॅन घे, आणलं की त्याच दिवशी संपव. तिन्ही टाक्या रिकाम्या कर, फिल्टर बदल, मोठ्या मशीनचे स्पार्क प्लग काढून बघ, टोकाला पांढरट भाजल्यासारखं किंवा बारीक चमकदार ठिपके दिसले तर आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर दाब नीट धरतात का ते तपास, मगच पाण्यात घाल. आणि ते ३०० वालं भाड्याने देऊ नकोस, १०० मिळेल तेव्हा स्वतः चालव.

पुणे_ते_काशीद
पावसाळ्याचं राहिलं. मे अखेरीला बंद करताना टाकी ताज्या पेट्रोलने भरून त्यात स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल टिकवणारं औषध टाक, आणि पाण्याचा पाइप लावून थोडा वेळ इंजिन चालव म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत जातं. आधी इंजिन सुरू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन.

देवबाग_तीन_मशीन
मोठ्या मशीनचे तिन्ही प्लग काढले. दोन ठीक आहेत, तिसऱ्यावर ठिपके आहेत. कॉम्प्रेशन गेज उद्या कुडाळहून येतंय, आकडे इथेच टाकतो.