वृद्धाश्रमांची न सांगता सरकारी तपासणी व्हावी की नाही?

सांजवात, पुणे
आई दीड वर्ष एका खासगी केअर होममध्ये होती. मी दर रविवारी ठरल्या वेळी जायचे. धुतलेली चादर, विंचरलेले केस. एका बुधवारी न कळवता गेले तर कंबरेखाली हाताचा अंगठा जाईल एवढा बेडसोर, म्हणजे पडून राहून झालेली जखम, आणि रात्रपाळीला बावीस जणांमागे एकच मावशी. तक्रार घेणारं खातंच मला सापडेना. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम १९ सरकारने काढायच्या वृद्धाश्रमांबद्दल आहे. खासगी केअर होम्सची नोंदणी आणि किमान निकष २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात होते. ते लोकसभेत मांडलं गेलं, कायदा काही झाला नाही. मला तपासणी हवी, तीही न सांगता.

ओसरी, नाशिक जिल्हा
ताई, आईचं वाचून जीव कळवळला. तरी माझा विरोध आहे. आम्ही अठरा जणांना सांभाळतो, निम्म्यांकडून एक रुपया येत नाही. उद्या रॅम्प, लिफ्ट, पूर्णवेळ नर्स असे निकष लागले तर मला कुलूप लावावं लागेल. मग ही माणसं जातील कुठे? एसटी स्टँडवरून आणलीत मी त्यातली चार.

दूरदेशी, कॅलिफोर्निया
इथे अशा घरांना राज्याचा परवाना लागतो. वर्षातून किमान एकदा इन्स्पेक्टर न कळवता येतो. तात्काळ धोका असेल तर ‘ए’ प्रकारची त्रुटी, पुढे धोका संभवत असेल तर ‘बी’. अहवाल कुणालाही ऑनलाइन वाचता येतो. सासूबाईंसाठी जागा शोधताना आम्ही आधी तेच वाचले. एका ठिकाणी औषधांच्या नोंदींत पुन्हापुन्हा त्रुटी होत्या, ते यादीतून काढलं.

ओसरी
आणि मॅसॅच्युसेट्समध्ये? १३ जुलै २०२५ च्या रात्री फॉल रिव्हर शहरातल्या असिस्टेड लिव्हिंगला, म्हणजे मदतीसह राहायच्या वृद्धनिवासाला, आग लागून दहा जण गेले. राज्याचं प्रमाणपत्र त्यांच्याकडेही होतंच. कागद माणसाला उचलून बाहेर आणत नाही, रात्री हजर असलेले हात आणतात.

सांजवात
मीही तेच म्हणतेय! रात्री किती हात आहेत हेच कुणीतरी रात्री येऊन मोजायला हवं. लिफ्टचं राहू द्या. रात्रीची माणसं, अंगावरच्या जखमा, औषधांची वही, बाहेर पडायचा दरवाजा उघडतो का, एवढं बघा.

लेखनिक, सातारा
ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातात, पण तिथे पैसे तपासतात, पाठ नाही. ओसरीताईंची भीती मात्र खरी आहे. त्रुटी सापडली की आधी मुदत आणि अनुदान द्यावं, टाळं शेवटी.

ओसरी
अनुदान आधी जाहीर करा. मग रात्री दोन वाजता या, दार मीच उघडीन.