छोट्या चर्चने वर्षभर गावासाठी काय करावं? कोकणातल्या लोकांनी सांगा

माडाखालचा

नमस्कार मंडळी. कोकणपट्टीवर एका तालुक्याच्या गावात आमचं छोटं मेथडिस्ट चर्च आहे. घरं पन्नासच्या आत, त्यातली निम्मी बदलीवाली, कोणी बँकेत कोणी रेल्वेत कोणी सरकारी दवाखान्यात. माणसाची बदली झाली की त्याने सुरू केलेलं कामही त्याच्याबरोबर जातं. यंदा पास्टोरेट कमिटीने आउटरीचची जबाबदारी माझ्या गळ्यात घातलीय.

आजवर आमचा आउटरीच म्हणजे नाताळच्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात फळवाटप, जूनमध्ये वह्यावाटप, बॅनर धरून फोटो आणि झालं. गेल्या नाताळात केळी घेऊन वॉर्डात गेलो तर आमच्या आधी दोन मंडळं येऊन गेलेली, पेशंटच्या खाटेखाली केळ्यांचे घड पडलेले आणि सिस्टर वैतागलेल्या. एका आजोबांनी तर सरळ विचारलं, केळी ठेवा पण माझ्या चष्म्याची काडी कोण बसवून देईल का.

पाळकसाहेब घाटावरून नवीन आलेत, त्यांना मोठा मेडिकल कॅम्प घ्यायचाय. महिला मंडळ कामाला वाघ आहे पण त्यांना कोणी विचारत नाही. तरुण संघातली पोरं बारावी झाली की मुंबई-पुण्याला पळतात. आणि ट्रेझरर म्हणतो हार्वेस्टच्या, म्हणजे चर्चच्या सुगीच्या सणाच्या, लिलावात जे नारळ-भोपळे विकून येतं त्यात बसवा, वर एक रुपया नाही.

तर दोन प्रश्न. कमी पैशात वर्षभर टिकेल असं काय करता येईल? आणि दुसरा जरा नाजूक, हल्ली चर्चचं नाव लागलं की लोक धर्मांतराचा संशय घेतात, ते कसं सांभाळायचं? स्पष्ट बोला, राग नाही.

खाडीपलीकडे

मी चिपळूणचा, चर्चशी संबंध नाही, पण मदत घेणाऱ्याच्या बाजूने सांगतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, पण पाणी उतरल्यावरचा आठवडा कोणी पाहिला नाही. घरात गुडघाभर चिखल, फ्रिज आडवा, विहीर खराब, लाइट नाही. आणि बाहेरून गाड्या भरभरून काय आलं तर जुने कपडे आणि बिस्किटं. कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला भिजत पडले होते, शेवटी त्यांचाच कचरा उचलायला माणसं लागली. आम्हाला हवे होते फावडी, घमेली, खराटे, ब्लीचिंग पावडर, जनरेटर आणि प्रेशरने पाणी मारणारा पंप, आणि ते चालवणारे चार हात. एक ग्रुप आला होता, कुठल्या संस्थेचा ते आजही माहीत नाही, त्यांनी न विचारता शेजारच्या आजींचं घर धुवून काढलं आणि रेशनकार्ड, सातबारा, पोराची सर्टिफिकेटं एकेक पान सुटं करून पंख्याखाली वाळवली. नाव विचारलं तर म्हणाले आधी पाणी कुठून आणायचं ते सांगा.

तेव्हा ट्रेझररना सांगा, पहिल्या वर्षी लिलावाच्या पैशातून फावडी-घमेली-गमबूट घेऊन चर्चच्या पडवीत ठेवा. ही वस्तू संपत नाही, खराब होत नाही. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते, लगेच जुलैत पूर. आपल्याकडे दर पावसाळ्यात कुठेतरी गरज लागतेच. झाड कापायची करवत आणि ताडपत्री पण घ्या.

सुरंगी

मी सिंधुदुर्गात नर्स आहे. माडाखालचा, तुमका खरा सांगू? मेडिकल कॅम्प नको. कॅम्पमध्ये बीपी मोजतात, शुगर मोजतात, आठ दिवसांच्या गोळ्या देतात आणि नवव्या दिवशी काय? बीपीचा पेशंट शोधून काढणं सोपं आहे, त्याची गोळी चालू ठेवणं हे खरं काम. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, पण म्हातारं माणूस वाडीतून येणार कसं, एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक, रिक्षाला जायचे-यायचे पैसे द्यायचे तर तेवढ्यात आठवड्याचं मासळी-तांदूळ येतं. मग गोळी बंद आणि एक दिवस पॅरालिसिस होऊनच आमच्याकडे.

तुमच्या महिला मंडळाला हे काम द्या. एकेका बाईने चार-पाच म्हाताऱ्यांची जबाबदारी घ्यायची, महिन्यातून एकदा दवाखान्यात घेऊन जायचं किंवा त्यांचं कार्ड दाखवून गोळ्या मिळतायत का ते विचारायचं, मोतीबिंदू असेल तर ऑपरेशनच्या दिवशी सोबत थांबायचं. सोबतीला माणूस नाही म्हणून ऑपरेशन पुढे ढकलणारे कितीतरी बघितलेत मी.

दुसरं म्हणजे लेप्टो. भातलावणीनंतर दरवर्षी ताप येतो, आमच्याकडे उंदीरताप म्हणतात. उंदराच्या मुतातले जंतू शेतातल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून आत जातात. तुम्ही लोकांनी त्यावरच्या डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन) गोळ्या आणून वाटायचा उद्योग अजिबात करू नका. त्या आरोग्य विभागाकडून मिळतात, आशाताई घरोघर देतात, गरोदर बाईला आणि लहान मुलांना ती गोळी चालत नाही, कोणाला द्यायची कोणाला नाही ते त्यांना कळतं. तुम्ही गमबूट द्या आणि ताप आला तर अंगावर काढू नको, पहिल्याच दिवशी चल, एवढं म्हणून माणसाला गाडीत घाला.

भायखळा ते बाणकोट

जय ख्रिस्त. मी मुंबईच्या मेथडिस्ट मंडळीत लहानाचा मोठा झालो, गाव कोकणात. सुरंगीताईंनी जे सांगितलं ते आपल्याकडे नवीन नाही बरं का. आपल्या मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली, त्याने १७४६ साली लंडनमध्ये गरिबांना औषधं द्यायला सुरुवात केली तेव्हा स्वतःला हद्द घालून घेतली होती, जुनाट दुखणी बघायची आणि अवघड केस डॉक्टरकडे सोडायची. त्याच वर्षी त्याने छोटा कर्जफंड काढला, वीस शिलिंगपर्यंत द्यायचे आणि तीन महिन्यांत हप्त्याने परत घ्यायचे. म्हणजे पाळकसाहेबांना कॅम्पवरून मागे खेचायचं असेल तर सरळ वेस्लीच पुढे करा, मग ते काही बोलणार नाहीत :)

कर्जफंड मात्र तुम्ही इतक्यात काढू नका. बदलीवाली मंडळी, वसुली कोण करणार, आणि वसुलीवरून रविवारी उपासनेत तोंडं फिरलेली मी पाहिलीयत.

पैशाचं सांगतो. पावती फाडल्याशिवाय एक रुपया घेऊ नका आणि क्यूआर कोड चर्चच्या खात्याचा लावा, कोणाच्या पर्सनल नंबरचा नको. परदेशातले नातेवाईक पैसे पाठवतो म्हणतील तेव्हा आधी पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिले तर प्रश्न नाही, पण तिकडचं नागरिकत्व घेतलेलं असेल तर ते परदेशी देणगीत धरतात आणि त्याला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. चुलतभाऊ आहे म्हणून सूट नाही.

अजून एक, एकटे करू नका. १९७० मध्ये बरीच प्रोटेस्टंट चर्चं मिळून सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं त्यात आपण गेलो नाही, १९८१ पासून मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून वेगळे आहोत, हे सगळं आपल्याला माहीत, गावातल्या माणसाला सगळी चर्चं एकच. तेव्हा आसपासच्या कॅथलिक आणि सीएनआयवाल्यांना बरोबर घ्या. वेंगुर्ल्याचं सेंट ल्यूक्स हॉस्पिटल अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने काढलं, पण तिथे बाळंत झालेल्या बायकांनी मिशन कुठलं होतं ते कधी विचारलं नसेल.

रोखठोक

स्पष्ट बोला म्हणालात म्हणून बोलतो. संशय हवेतून येत नाही. आमच्या वाडीत एकदा एक मंडळी आली होती, कुठली ते सांगत नाही, तांदूळ द्यायच्या आधी अर्धा तास प्रार्थना, मग हात वर करायला लावले. माझी आत्या तांदूळ घेऊन आली आणि दोन दिवस रडत होती की मी देवीला फसवलं का. पाच किलो तांदळासाठी माणसाला असं अवघडायला लावणं मला पटत नाही, मग देणारा कुठल्याही धर्माचा असो. तुम्हाला मदत करायची तर करा, प्रार्थना तुमच्या चर्चमध्ये करा, ज्याला यायचंय तो येईल.

माडाखालचा

रोखठोक, तुमचं म्हणणं मान्य आहे आणि कमिटीत हेच लिहून घेतो. वस्तू किंवा मदत देताना प्रार्थना नाही, पत्रक नाही, फोटो नाही. कोणी स्वतःहून म्हणालं माझ्यासाठी प्रार्थना करा तर करू, तेही त्याच्या घरच्यांसमोर. बॅनर तर मी आत्ताच माळ्यावर टाकला. मात्र नाव लपवून जाणार नाही, कुठून आलात विचारलं तर चर्चमधून आलो असंच सांगणार, नाहीतर उद्या कळल्यावर जास्त संशय येईल.

रोखठोक

हे चालेल. नाव सांगा. आणि जाताना गावच्या पोलीसपाटलाला, सरपंचाला कळवून जा म्हणजे मागून कुजबुज नको.

आंबेवाला

सगळे म्हाताऱ्यांवर बोलतायत, मी दुसरंच सांगतो. बागेत राखणीला नेपाळी कुटुंबं येतात, पावसाळा संपल्यावर येतात ते आंबा उतरेपर्यंत असतात. बोटींवरचे खलाशी पण बरेच नेपाळी. त्यांची पोरं दिवसभर बागेत माकडं हाकलतात. शाळेत घाला म्हटलं तर बापाला वाटतं कागद नाहीत, घेणार नाहीत. अहो आरटीई, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. फक्त कोणीतरी मराठी बोलणारं माणूस बरोबर जाऊन मास्तरांशी बोललं पाहिजे, आणि संध्याकाळी तासभर पोरांकडून मराठी वाचून घेतलं पाहिजे नाहीतर वर्गात नुसती बसतात. तुमची शब्बाथ शाळा (रविवारी मुलांचा वर्ग) घेणारी माणसं आहेतच, शिकवायची सवय आहे. धर्माचे धडे नकोत, बाराखडी आणि पाढे. बागमालकाला आधी विचारा, तो नाही म्हणणार नाही, राखण्या टिकला तर त्याचाच फायदा.

चाकरमानी

मी मुंबईत, आईवडील गावी एकटे, वय ७६ आणि ७२. म्हणजे तुम्ही ज्यांच्यासाठी करायचं म्हणताय त्यांचा मुलगा. सुरंगीताईंची कल्पना मला हवी आहे आणि भीतीपण वाटतेय, कारण अनोळखी माणूस येऊन आईच्या गोळ्या बघतो म्हणाला तर मी इथून फोनवरूनच ओरडेन. आधार आणि ओटीपीचे घोटाळे इतके झालेत.

म्हणून सांगतो, सुरुवात गणपतीत करा. तेव्हा आम्ही सगळे गावी असतो. घरी या, आरती झाली की चहा घ्या, मुलांना भेटा, आमचे नंबर घ्या, तुमचे द्या, आणि काय करणार काय नाही ते एका कागदावर लिहून आमची सही घ्या. पैशाला, पासबुकाला, ओटीपीला हात लावणार नाही हे त्यात पहिलं लिहा. गणपतीनंतर काम लगेच तयारच आहे, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये लागतो, तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, पण म्हाताऱ्यांना जमत नाही आणि वाडीत रेंज नाही, रेंज असलेल्या ठिकाणी नेऊन करून द्यायचं. सत्तरच्या वरच्यांना उत्पन्न न बघता पाच लाखांचं आयुष्मान कार्ड मिळतं, माझ्याच वडिलांचं अजून काढलेलं नाही.

माडाखालचा

चाकरमानी, कागदाचा मसुदा रविवारी कमिटीसमोर ठेवतो, तुम्ही आधी वाचून दुरुस्त कराल का? मेसेज करतो. आंबेवाल्यांचं काम दिवाळीनंतर बघू, त्याला शिकवायला दोन माणसं आधी पक्की करावी लागतील. आणि सुरंगीताई, लावणीला जाणाऱ्या बायकांना गमबूट कुठल्या साइजचे लागतात? दुकानात सगळे पुरुषांचेच आठ-नऊ नंबर आहेत.

सुरंगी

चार, पाच आणि सहा. पाच जास्त घ्या. आणि आतून घालायला जाड मोजे दिल्याशिवाय देऊ नका, नाहीतर पाय सोलवटतात आणि बाई दुसऱ्या दिवशी बूट बांधावर काढून ठेवते.