प्रभाताई अत्रे: गाणं, शिक्षण, नोकरी हे सगळं एकत्र कसं जमवलं?

मध्यम_दोन्ही:
नमस्कार मंडळी. माझी मुलगी बारावी सायन्सला आहे आणि लहानपणापासून किराणा घराण्याची शास्त्रीय गायकी शिकतेय. आता घरात-बाहेर सगळे एकच म्हणतायत की दोन डगरींवर पाय नको, एक काय ते ठरव. परवा कुणीतरी किराण्याच्याच गायिका प्रभाताईंचं उदाहरण दिलं, पण मला 'जागू मैं सारी रैना' सोडलं तर त्यांच्याबद्दल फार माहिती नाही. त्यांनी नेमकं कसं केलं हे सगळं? आणि अजून एक, मुलगी गाताना सरगम, म्हणजे सा रे ग अशी सुरांची नावं, फार घेते म्हणून तिच्या बाई रागावतात, पण प्रभाताई तर भरपूर घ्यायच्या ना?

पुण्याचा_षड्ज:
अहो, प्रभाताई म्हणजे तुमच्या प्रश्नाचं चालतंबोलतं उत्तर होत्या. घरात गाण्याची परंपरा नाही, आईवडील दोघं शिक्षणक्षेत्रातले, आई आजारी होती म्हणून तिचं मन रमावं यासाठी घरात पेटी आली आणि गाणं सुरू झालं. पुढे सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर असे गुरू मिळाले, दोघंही किराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलं, म्हणजे थेट त्यांचं घर. आणि हे चालू असताना फर्ग्युसनमधून सायन्स, मग लॉ कॉलेजातून कायदा. संगीत नाटकांत कामं केली, आकाशवाणीत असिस्टंट प्रोड्युसर होत्या, मग १९७९ ते १९९२ मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात प्राध्यापक आणि संगीत विभागाच्या प्रमुख. पद्मश्री १९९०, पद्मभूषण २००२, पद्मविभूषण २०२२. १३ जानेवारी २०२४ ला गेल्या तेव्हा वय ९१, आणि त्याच दिवशी मुंबईत त्यांचं गाणं ठरलेलं होतं!
त्यामुळे मुलीला खुशाल बीएस्सी करू द्या, फक्त रोजचा रियाज चुकू देऊ नका.

कोमल_नी:
सरगमबद्दल मी लिहिते, माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. किराण्यात सरगम अब्दुल करीम खाँसाहेबांपासूनच आहे, त्यांच्यावर कर्नाटक संगीताचा प्रभाव होता. पण प्रभाताईंनी नुसती गायली नाही, त्यावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की आकार (नुसत्या 'आ'त गाणं), बोल (बंदिशीचे शब्द) तशीच सरगम ही रागविस्ताराची स्वतंत्र सामग्री आहे, तोंडी लावायला घेतलेली गोष्ट नाही.
आता मुलीला बसवून त्यांचा कलावती राग ऐकवा, 'तन मन धन'. कलावतीत रे आणि म वर्ज्य, म्हणजे हाताशी सा ग प ध आणि कोमल नी एवढेच सूर, आणि तेवढ्यात त्या सरगम अशी गुंफतात की सुरांची नावं ऐकतोय हे आपण विसरूनच जातो, कुठेही पलटे (सुरांचे सरावाचे क्रम) घोकल्यासारखं वाटत नाही. इंदूरचे गायक अमीर खाँसाहेब यांचा प्रभाव इथे जाणवतो, प्रभाताईंनी तो स्वतः मान्यही केला होता. तुमच्या बाई रागावतात त्याचं कारण मला वाटतं हेच असणार, या वयात आकार पक्का नसताना सरगम घेतली की सूर लागायच्या आधी त्याचं नाव तोंडातून बाहेर पडतं. बाईंचं बरोबर आहे, थोडी वर्षं ऐका त्यांचं.

मध्यम_दोन्ही:
खूप आभार दोघांचे. पण कोमल_नी, एवढं लेखन, शिकवणं, प्रबंध यात गाणं मागे नाही पडलं का हो? आमच्याकडे म्हणतात की प्राध्यापक झाला की गवई संपला.

कोमल_नी:
अजिबात नाही, मला तर उलटंच वाटतं. स्वतः बांधलेल्या बंदिशी गायच्या, अपूर्व कल्याण, पटदीप मल्हार असे राग केले, आणि आपण हे का करतो ते लिहूनही ठेवलं. अमुक राग अमुक वेळेलाच या नियमावरसुद्धा त्यांनी उघड प्रश्न विचारले. वर्गात पोरींनी 'असंच का?' विचारलं की घराण्याचं नाव पुढे करून भागत नाही, कारण द्यावं लागतं, आणि ती सवय त्यांच्या गाण्यात स्वच्छ ऐकू येते. ख्याल, ठुमरी, दादरा, गझल, भजन सगळं गायल्या पण ख्यालात ठुमरीची हरकत (सुरांची छोटी नक्षी) उगाच घुसलीय असं कधी झालं नाही.

पुण्याचा_षड्ज:
+१. कित्येक वर्षं पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचा समारोप त्यांच्याच गाण्याने व्हायचा, गवई संपला असता तर पुणेकर शेवटपर्यंत बसले असते का?
ऐकण्याचा क्रम विचारलात तर आधी मारुबिहाग राग, सुरुवातीच्या विलंबितासकट (संथ लयीतल्या ख्यालासकट) पूर्ण, नुसतं त्यातलं 'जागू मैं' नको. मग कलावती, मग 'कौन गली गयो श्याम' ही ठुमरी. आणि 'स्वरमयी' हे त्यांचं मराठी पुस्तक मिळालं तर जरूर घ्या, बारावीच्या मुलीला व्यवस्थित समजेल.