एमएमआयमध्ये एथिक्सचं स्टेशन आलं की बोलणं लवकर संपतं, काय करू?

प्रश्न
मेडिकल प्रवेशाची मुलाखत एमएमआय (मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू, म्हणजे एकामागून एक छोट्या मुलाखती; प्रत्येकीला 'स्टेशन' म्हणतात) पद्धतीची आहे. ८ स्टेशनं, प्रत्येकी ८ मिनिटं, आत जाण्याआधी प्रश्न वाचायला २ मिनिटं. 'डॉक्टरच का?' याची तयारी झालीय, पण एथिक्सच्या प्रश्नावर तीन मिनिटांत गाडी अडते. रोलप्लेमध्ये नेमकं काय बघतात तेही सांगा.

उत्तर १
तीन मिनिटांत संपतंय, कारण तू थेट निकाल देतोयस. समज, रुग्ण रक्त चढवून घ्यायला नकार देतोय. आधी त्याची निर्णयक्षमता बघायची: माहिती समजतेय का, लक्षात राहतेय का, बरं-वाईट तोलता येतंय का, निर्णय सांगता येतोय का. सज्ञान माणसाच्या बाबतीत चारही 'हो' असतील, तर जीव धोक्यात असला तरी नकार मानावा लागतो. पण तिथेच थांबू नकोस. नकाराचं कारण विचार, घरच्यांचा दबाव नाही ना हे त्याच्याशी एकट्याने बोलून बघ, रक्ताला पर्याय आहेत का ते वरिष्ठांना विचार, झालेलं बोलणं केसपेपरवर लिही. एवढं झालं की परीक्षक हमखास फाटा फोडतात: 'रुग्ण दहा वर्षांचा असून नकार आईवडिलांचा असेल तर?' खरे मार्क इथे आहेत. मुलाचं हित पुढे येतं, वेळ असेल तर प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकतं.

स्वायत्तता, हित, अपाय टाळणं, न्याय ही चार तत्त्वं नुसती घडाघडा म्हणून काही मिळत नाही. ज्या तत्त्वांची ओढाताण चाललीय तीच दोन घे.

उत्तर २
रोलप्लेचं सांगते. 'शेजाऱ्याचं मांजर तुमच्या गाडीखाली आलं, त्यांना सांगा' हा जुना, ठरलेला प्रकार. बहुतेक मुलं पहिलं मिनिट 'अंधार होता, ते अचानक आलं' यात घालवतात आणि तिथेच घसरतात. बसायला सांगा, 'एक वाईट बातमी आहे' म्हणा, मग सरळ सांगा: 'तुमचं मांजर माझ्या गाडीखाली येऊन मेलं. माझ्या हातून झालं, माफ करा.' आणि गप्प बसा. पाच-सहा सेकंदांची शांतता फार लांब वाटते, तरी ती भरून काढू नका. समोरच्याला रडू द्या, चिडू द्या. 'तुम्हाला काय वाटतंय ते मला कळतं' हे वाक्य मात्र टाळाच, त्याने माणूस आणखी भडकतो.

उत्तर ३
वरच्या दोघांशी सहमत. सराव घड्याळ लावून, फोनवर रेकॉर्ड करून करा. वाचनाच्या २ मिनिटांत तीनच गोष्टी ठरवा: कोणाकोणावर परिणाम होतोय, कुठली माहिती कमी आहे, पहिलं पाऊल काय. कागद मिळेलच असं नाही, म्हणून हे मनातल्या मनात जमायला हवं.

एक स्टेशन बिघडलं तर ते दारातच सोडा. पुढचा परीक्षक वेगळा असतो, त्याला मागचं काही माहीत नसतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ही पद्धत सुरू झाली ती याचसाठी, की एकाच्या मतावर सगळा निकाल ठरू नये.

प्रश्नकर्ता
फाटा फुटल्यावर आधीचं मत बदललं तर चालतं का?

उत्तर १
चालतं, फक्त कारण सांग: 'रुग्ण सज्ञान आहे असं धरून बोललो होतो, आता ते लागू होत नाही.' कारण न देता मत फिरवलंस तर मार्क जातात.